नकाशात नसलेलं पाणी

आपल्या व्यंगचित्राला कुणीतरी हळदकुंकू वाहिलं आहे, हे मार्तंडरावांच्या डोळ्यांना आधी कळलं आणि डोक्यात शिरायला बराच वेळ लागला. टेबलावर वर्तमानपत्राचा तो तुकडा पडला होता, घडीवर झिजलेला, तेलकट, मिरचीचा वास येणारा. चौकट त्यांची, सही त्यांची, आणि उजव्या कोपऱ्यात सात ठिकाणी बोट टेकवून लावलेलं हळदकुंकू. पलीकडच्या खोलीत ब्लॉक बनवणारा जस्ताचा पत्रा आम्लात हलवत होता, त्याचा नेहमीचा झणझणीत वास येत होता, खाली छपाईयंत्राची धडधड चालली होती. म्हणजे जग जागच्या जागी होतं. फक्त ज्या चित्रावर लोकांनी हसावं अशी त्यांची अपेक्षा होती, त्याला कुणीतरी नमस्कार केला होता. पंचवीस वर्षं दररोज एक चौकट भरणाऱ्या माणसाच्या वाट्याला शिव्या येतात, वकिलाच्या नोटिसा येतात, क्वचित एखादा पेढ्यांचा पुडा येतो. हे आलं नव्हतं. मार्तंडरावांच्या मानेवर सर्रकन काटा आला.

समोर दोन बायका उभ्या होत्या. एक चाळिशीची, उन्हानं रापलेली, जयवंता नावाची. दुसरी तिची सासू प्रयागबाई, काठीपेक्षा सुनेच्या खांद्यावर जास्त भार टाकून उभी. लकडगंजाच्या पलीकडे, शहर संपतं आणि शेतं धड सुरू होत नाहीत अशा जागी शिंगाडबोडी आहे, तिथून त्या आल्या होत्या. बोडी म्हणजे लहानसं तळं. त्यात शिंगाड्याचे वेल, आणि त्याच्या ओलीवर भोवतीच्या विहिरी आणि भाजीचे वाफे.

"तुमीच काय गा, भाऊ, हे चित्र काढनारे?" जयवंतानं विचारलं.

"हो, मीच. बसा ना."

बसलं कुणीच नाही.

"मंग तुमाले कसं मालूम, पान्याच्या साती आसरा कुठी हायेत ते?"

मार्तंडरावांनी चित्राकडे पाहिलं. चित्र महिन्याभरापूर्वीचं. शहराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला होता, आणि त्यात शिंगाडबोडीच्या जागी पिवळा रंग दिला होता. पिवळा म्हणजे घरं. तिथं तळं आहे हे आराखडा करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांची मोजणी झाली ऐन वैशाखात, बोडीला भेगा पडल्या होत्या तेव्हा. मोजणीदारानं प्रामाणिकपणे लिहिलं, पडीत जमीन. ही बातमी वाचून मार्तंडराव खुर्चीतल्या खुर्चीत खूश झाले होते. असं आयतं रोज कुठं मिळतं? त्यांनी एक साहेब काढला, गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेला, दोन्ही हातांनी नकाशा डोक्यावर धरलेला, आणि खाली लिहिलं, 'नकाशात पाणी नाही.' चित्र झालं. पण उजवा कोपरा ओका वाटत होता, म्हणून तिथं काठावर सात दगड बसवले. तिसरा जरा तिरपा झाला, कागदाच्या तंतूत टाक अडकला म्हणून. तोल साधला, सही ठोकली, चहा मागवला. शिंगाडबोडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"लकडगंजात शिंगाडे इकाले गेली, अन् येता येता मिरच्या घेतल्या. त्या या कागदात बांधून आल्या," जयवंता सांगत होती. "आमचे हे वाचून दाखवून राहिले होते. आमी हासून राहिलो. अन् बुढीनं कागद हाती घेतला, तं रडाच लागली."

प्रयागबाईनं मान हलवली. "मी नवरी होऊन आली तवा होते ना बाप्पा ते दगड. साती बयनी. मंग सडक उंच केली, मुरूम टाकला, तवा गाडल्या गेल्या. कुठी गाडल्या गेल्या, कोनाले आठवे नाई. तुमी दाखवलं."

त्यांनी चित्राबरहुकूम खणलं होतं. चित्रात दगडांच्या मागं एक वाकडी बाभूळ होती (ती मार्तंडरावांनी साहेबाच्या नाकाला जोड म्हणून काढली होती), बोडीवर वाकडी बाभूळ होतीच, तिच्यापाशी खणलं. "चार निंगाले," जयवंता म्हणाली. "तीन नाई निंगाले, ते नाल्यातून आनून ठेवले. तुमच्या चित्रात तिसरी तिरपी हाये, तं आमीबी तिरपीच ठेवली." मग ती मुद्द्यावर आली. येत्या मंगळवारी आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी होती. तिथं पिवळा रंग कायम झाला की बोडीत मुरूम पडणार, विहिरी आटणार, वाफे जाणार. "आमी सांगतो, पानी हाये, देवस्थान हाये, तं साहेब म्हनते पुरावा आना. तुमी येजा. सांगजा का तुमी पाह्यलं म्हनून."

"येतो," मार्तंडराव म्हणाले. तो शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना कळलं की आपण काय कबूल करून बसलो. बायका जिना उतरत होत्या. त्यांना थांबवून 'अहो, मी काहीच पाहिलेलं नाही' असं सांगायला अजून वेळ होता. ते जिन्याच्या तोंडाशी गेलेसुद्धा. प्रयागबाई एकेक पायरी उतरत होती, आणि तो कागद जयवंतानं ब्लाऊजमध्ये जपून ठेवला होता. मार्तंडरावांच्यानं हाक मारवली नाही.

सायकल हाती धरून ते चालतच घरी निघाले. सीताबर्डीच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला, कुणी तरी ओळखून नमस्कार केला, त्यांचं लक्ष नव्हतं. या शहरावर त्यांनी किती चित्रं काढली होती! 'उद्यानासाठी राखीव' अशी पाटी आणि तिच्यामागं चार मजली इमारत, वरच्या गच्चीत तुळशीची एक कुंडी. स्वतःच्या तोडीसाठी ना-हरकत दाखला मिळावा म्हणून रांगेत उभा असलेला वड. कायद्याची छत्री, काड्या सगळ्या शाबूत आणि कापड नाही. नगररचनेचा कायदा आला तेव्हा त्यांनी तो मुळातून वाचला होता, पोथी वाचावी तसा, आणि त्यातल्या कलमांवर भाबडेपणानं भुललेही होते; की बघा, आता प्रत्येकाला विचारलं जाईल, झाडाला नाही पण निदान माणसाला. मग एकेक आरक्षण उठत गेलं, एकेका हिरव्या ठिपक्याचा पिवळा झाला, आणि मार्तंडरावांची रेघ दिवसेंदिवस सुंदर होत गेली. संपादक म्हणायचे, "लोक हसतात ना, मग झालं तर." झालंच होतं. सकाळी चित्र, दुपारी रद्दी, संध्याकाळी पुडी. आपलं चित्र पुडीपर्यंत जातं हा त्यांचा लाडका विनोद होता, चारचौघांत ते तो स्वतःच सांगत. आणि हे चित्र पुडी होऊनच तर बोडीवर पोचलं होतं. वर्गणीदारांच्या एवढ्या घरांतून ते कुठंच गेलं नाही, मिरच्यांबरोबर मात्र नेमकं जायचं तिथं गेलं. त्यांना हसू येईना. मनात भीती दाटून आली होती, आणि ती भीती त्यांना हवीहवीशी वाटत होती. काळ्या शाईनं कोपरा भरायला सात गोळे काढावेत, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी कुदळ घ्यावी आणि जमिनीतून ते गोळे वर यावेत, सातही नाही पण चार!

"अहो, काहून असे बसून राहिले? चहा गार झाला," अरुंधतीबाई म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की नवऱ्याच्या गप्प बसण्याचे प्रकार त्यांना पाठ होते. हा त्यातला नव्हता. मार्तंडरावांनी सगळं सांगितलं.

"मग खरं काय ते सांगून टाका ना सुनावणीत."

"खरं सांगितलं तर बोडी जाते."

"आणि खोटं सांगितलं तर?"

"तर मी जातो. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं चितारलं, अरुंधती. आता मीच त्या साहेबासमोर उभा राहून 'मी पाहिलं' म्हणू?"

अरुंधतीबाईंनी कप उचलला, दोन पावलं गेल्या, आणि वळून अगदी साधेपणानं म्हणाल्या, "पण दगडच काहून सुचले तुम्हाला? कोपराच भरायचा तर बेडूक काढला असता. बगळा काढला असता."

त्या आत गेल्या. मार्तंडराव बसल्या जागी थिजले. खरंच, दगडच का? बगळा तर त्यांचा हातखंडा. कोपरा मोकळा दिसला की ते बगळा काढत, एका पायावर उभा, सरकारी चेहऱ्याचा. त्या दिवशी हात बगळ्याकडे वळलाच नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांना पहिल्यांदा दिसला तो लाल रंग. भिवापूरजवळ त्यांच्या मामांचं शेत होतं, खळ्यावर पसरलेल्या मिरच्या, डोळ्यांना झोंबणारी हवा, आणि खळ्याच्या कडेला विहीर. आईचा हात. त्यांच्या आई यमुताई माहेरी आल्या की पहिल्या दिवशी विहिरीवर जात, मुलाचं मनगट घट्ट धरून. काठावर दगड होते, शेंदरानं माखलेले. आई हळद लावायची, कुंकू लावायची, आणि वाकून पाण्यात बघू द्यायची, एकदाच. खाली अंधारात आभाळाचा एक तुकडा पडलेला असे आणि त्यात आपलं डोकं. 'या कोण?' 'पाण्याच्या बायका. पाणी असतं तिथं त्या असतात.' 'आणि पाणी गेलं तर?' यावर आईनं मनगट जास्त घट्ट धरलं होतं. दगडांतला एक तिरपा होता. मोटेच्या दोराचा हिसका बसून कलला होता म्हणे. सरळ करू या म्हटलं तर मामा ओरडले होते, 'हात नको लावू. त्या जशा बसल्या तशा बसू दे.' तिरपा होता तो कितवा? मार्तंडरावांनी मिटल्या डोळ्यांनी डावीकडून मोजलं. तिसरा. म्हणजे टाक अडकलाच नव्हता. ते स्वतःशीच तसं म्हणाले होते. त्यांनी उजवा हात समोर धरून पाहिला, शाईनं काळवंडलेली नखं, टाकाचा घट्टा पडलेलं बोट. हा हात आपला आहे, असा त्यांचा आजवर समज होता. पण तो काय काय जपून बसला होता, आणि त्यांना विचारल्याशिवाय! आईला जाऊन किती वर्षं झाली, ती विहीर आता आहे की बुजली तेही ठाऊक नाही. पण पाणी काढायला सांगितलं तर हातानं त्या विहिरीचं सगळं कुटुंब काढून ठेवलं. ते विस्मयानं बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं.

मंगळवारपर्यंत त्यांना बोडीवर जाऊन येता आलं असतं. सायकलनं फार लांब नव्हतं. जाऊन आलं की 'पाहिलं' हा शब्द उच्चारता आला असता, कधी पाहिलं ते कोण विचारतो? नेमकं त्यासाठीच ते गेले नाहीत. इतक्या सोप्या फटीतून निसटणाऱ्या किती जणांना त्यांनी चौकटीत पकडलं होतं.

सुनावणीच्या खोलीत भिंतभर आराखडा लावला होता, आणि तो पाहून मार्तंडराव दारातच थबकले. वर्तमानपत्रात त्याचा टपाल तिकिटाएवढा तुकडा आला होता, त्यावरून काही कल्पना आली नव्हती. आख्खं शहर हातानं रेखलेलं आणि हातानं रंगवलेलं; केसासारख्या बारीक रेघांचे रस्ते, नाले, रेल्वेचे फाटे, हिंगण्याकडे जांभळे कारखाने, आणि घरांचा पिवळा इतका सारखा की कुठं कुंचल्याचा फराटा दिसू नये. कुण्या भल्या माणसाची मान मोडून गेली असेल यात. त्यांना मत्सर वाटला, आणि मग आदर. ज्यांना ते पंचवीस वर्षं टोमणे मारत आले, ते आपल्याच जातीचे, रेघवाले. फरक एवढाच की यांची रेघ रद्दीत जात नाही, ती जमिनीवर उतरते. पूर्वेच्या अंगाला शिंगाडबोडी जिथं असायला हवी तिथं नितळ पिवळा रंग होता. काही म्हणता काही नव्हतं तिथं.

सुनावणी घेणारे अधिकारी विश्वनाथराव मार्तंडरावांच्या चित्रातल्या साहेबासारखे लठ्ठ मुळीच नव्हते. किडकिडीत, दमलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. जयवंतानं कागद पुढं केला. त्यांनी तो पाहिला, स्वतःचीच थट्टा ओळखली, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसले.

"हे चित्र तुम्ही जागेवर जाऊन काढलंत?"

खोलीत बोडीवरची वीसएक माणसं दाटीनं उभी होती. जयवंता मार्तंडरावांकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर शंकेची पुसटशी रेषाही नव्हती. तो विश्वास मार्तंडरावांना सहन होईना.

"नाही," ते म्हणाले. "मी ती बोडी पाहिलेली नाही. अजूनही नाही."

जयवंता हळूच म्हणाली, "भाऊ, असं काहून म्हनता गा?" त्या गा-मध्ये राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"दगड मी दुसरीकडे पाहिले," मार्तंडराव साहेबांना नव्हे, तिला सांगू लागले. "लहानपणी, मामाच्या विहिरीवर. आई न्यायची. मला आठवतसुद्धा नव्हतं. पाणी काढलं, आणि हातानं ते आपोआप काढले. माझ्याकडे पुरावा नाही, बाई. मला एवढंच कळलं की पाणी असतं तिथं त्या असतात, आणि हे मी शोधून काढलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊकच आहे."

विश्वनाथरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आमची माणसं वैशाखात गेली होती," ते म्हणाले. "त्यांनी पाहिलं ते लिहिलं. खोटं नाही लिहिलं."

"कोन म्हनते खोटं लिवलं?" प्रयागबाई काठी टेकत पुढं आली. "तवा नव्हतं पानी. आता हाये. मंग आता पाहा ना गा. आमची बोडी काई पळून नाई जाऊन राहिली."

कायद्यात स्थळपाहणीची सोय आहे. वापरतं कुणी फारसं नाही. विश्वनाथरावांनी बाहेर पाहिलं, भाद्रपदाचं ढगाळ आभाळ, भिंतीवरच्या पिवळ्याकडे पाहिलं, आणि कारकुनाला म्हणाले, "तेवढ्या भागाची प्रत घ्या. रंगवलेली."

जीप बोडीजवळ सडकेवर थांबली तोवर बाकीची माणसंही येऊन पोचली होती. मार्तंडराव उतरले आणि आधी त्यांना ती बाभूळ दिसली. वाकडी, साहेबाच्या नाकासारखी. तिच्याखाली सात दगड, शेंदूर ताजा, तिसरा तिरपा. त्यांनी टाकानं काढले होते तसे, त्याच अंतरानं, त्याच कलानं. पण चित्रात त्यांना सावली नव्हती आणि इथं होती, चित्रात मुंग्या नव्हत्या आणि इथं एकावरून मुंग्यांची रांग चढत होती. त्यांनी आपल्या चौकटीबाहेर कधी पाऊल ठेवलं नव्हतं, आणि चौकटच त्यांच्या आधी इथं येऊन बसली होती. त्यांना वाटलं, इथं मोठ्यानं बोलू नये.

विश्वनाथराव नकाशाची सुरळी उलगडत पुढं चालले होते. दगडांपलीकडे दूरवर हिरवंगार पसरलं होतं, पानाला पान लागलेलं, वाऱ्यानं जरासं हलणारं. "इथं तर पीक आहे," ते म्हणाले. "पाणी कुठंय?"

"साहेब, तिकडे नका—" जयवंता ओरडली.

शिंगाड्याची पानं पाणी अशी झाकून टाकतात की गावच्या माणसाचा पाय आपोआप थांबतो. शहरातल्या माणसाला ते शेत वाटतं. विश्वनाथरावांनी पाऊल टाकलं आणि ते खाली गेले. आवाजसुद्धा फार झाला नाही. हिरवं फाटलं, काळं पाणी उघडं पडलं, आणि साहेब छातीपर्यंत बुडून चिखलात रुतून उभे राहिले, चष्म्यावर एक पान, आणि दोन्ही हातांनी नकाशा डोक्यावर धरलेला.

कुणी हसलं नाही. वीस माणसं काठावर होती, त्यांनी चित्र पाहिलं होतं, घरी बसून पोट धरून हसली होती, आणि आता त्यांच्यातला एकही हसला नाही. प्रयागबाईनं हात जोडले. ते साहेबाला, की पाण्याला, की दगडांना, कुणास ठाऊक. हे मी काढलं होतं, हे मार्तंडराव म्हणू शकत नव्हते, तेवढी घमेंड त्यांच्यात उरली नव्हती. जगात आधीच कुठंतरी असलेल्या रेघेवरून आपण फक्त हात फिरवतो, असं त्यांना त्या क्षणी वाटलं.

साहेबांनी पानाआडून सगळ्यांकडे पाहिलं. मग ते काठावरच्या कारकुनाला म्हणाले, शांतपणे, कचेरीत सांगावं तसं, "लिहून घ्या. पाणी आहे. वापरात आहे. घरांसाठी अयोग्य, पिवळा काढावा अशी माझी शिफारस." आणि मग मार्तंडरावांना, "अहो, बघता काय? हात द्या."

मार्तंडराव पुढं झाले. आधी नकाशा घेतला, मग हात धरला, आणि ओढता ओढता स्वतःही गुडघ्यापर्यंत आत गेले. पाणी अपेक्षेपेक्षा गार होतं. जयवंतानं आणि इतरांनी मिळून दोघांना बाहेर काढलं. साहेब गवतावर बसून बुटातलं पाणी ओतू लागले, आणि मार्तंडरावांनी हातातला नकाशा पाहिला. एक कोपरा भिजला होता. तो सुंदर, एकसारखा पिवळा रंग सुटून त्यांच्या बोटांवर उतरला होता, थेट हळदीसारखा. ते रुमाल शोधू लागले.

"पुसू नको गा," प्रयागबाई म्हणाली. "लाव ना आसराईले."

ते बाभळीखाली गेले, वाकले, आणि तिसऱ्या, तिरप्या दगडाला त्यांनी बोट टेकवलं. ते दुसऱ्या हातानं आपलंच मनगट घट्ट धरून उभे होते, हे त्यांना नंतर कळलं.